ठाण्याचे दीक्षित मास्तर

(तृतीय वर्ष, कला)

२३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ. ठाण्याहून सुटलेल्या लोकलमध्ये आम्ही नेहमीप्रमाणे एकमेकांच्या अंगावर रेलून उभे होतो. सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले तेव्हा गाडी मुंब्र्याच्या आसपास होती. एका गृहस्थाच्या मोबाईलवर ते दृश्य चालू होते आणि दहा-बारा डोकी त्यावर वाकली होती. यान टेकल्याबरोबर डब्यात टाळ्या पडल्या. अनोळखी माणसांनी एकमेकांचे हात हातात घेतले. माझाही ऊर भरून आला.

डोंबिवलीला उतरलो. स्टेशनबाहेर आल्यावर छत्री उघडावी की नाही हे पाहण्यासाठी मी मान वर केली, तो ढगांच्या फटीत अर्धा चंद्र! ज्याच्यावर आपले यान नुकते उतरले तोच हा. सभोवती शेकडो माणसे चालली होती, सगळ्यांच्या तोंडी चंद्राचाच विषय होता. पण वर पाहणारा मला एकही दिसला नाही. आणि छत्रीचा प्रश्न नसता तर मीही पाहिले नसते.

ही गोष्ट मला लागून राहिली. अंतराळाच्या बातम्यांचे मला शाळेपासून वेड आहे. यानांची चित्रे, उपग्रहांची नावे, उड्डाणांच्या तारखा यांनी माझ्या दोन वह्या भरल्या आहेत. पण प्रत्यक्ष आकाशातले एक नक्षत्र दाखव म्हटले असते, तर मला दाखवता आले नसते. दहावीला गणितात कसेबसे तरलो, म्हणून कलाशाखेला आलो आणि तेव्हापासून मनाची एक समजूत करून घेतली होती की आकाश हा विज्ञानवाल्यांचा प्रांत. आपण आपल्या बातम्या वाचाव्यात. आमच्या मराठीच्या सरांजवळ हे एकदा बोललो. त्यांनी उपदेश केला नाही. एका पुस्तकाचे नाव तेवढे सांगितले : ज्योतिर्विलास. आणि जाता जाता असेही सांगितले की ते लिहिणारे गृहस्थ एके काळी आपल्या ठाण्यात मास्तर होते.

कोण हे मास्तर? शंकर बाळकृष्ण दीक्षित. नाव तुमच्यापैकी पुष्कळांच्या कानावरून गेले असेल. माझ्याही गेले होते. पण जाडजूड ग्रंथाच्या पाठीवरचे एक नाव, याहून त्याला अर्थ नव्हता. गेले वर्षभर मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत आहे. त्यांचे चरित्र सांगावे असे वाटते ते ते थोर होते म्हणून नव्हे. आपल्यासारख्या माणसाला आकाशाची हौस कोठवर नेऊ शकते, हे त्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते, म्हणून.

दीक्षितांचा जन्म जुलै १८५३ मधला. त्याच वर्षी एप्रिलच्या १६ तारखेला बोरीबंदर ते ठाणे ही आपल्या देशातली पहिली आगगाडी धावली. जन्मगाव मात्र आगगाडीपासून फार दूर, रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यातले समुद्रकाठचे मुरूड. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचेही हेच गाव. कर्वे दीक्षितांहून पाच वर्षांनी लहान. दीक्षित पंधरा वर्षांचे असताना, ऑगस्ट १८६८ मध्ये, एक मोठे खग्रास सूर्यग्रहण झाले. त्याचा पट्टा त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या विजयदुर्गावरून पुढे पूर्व किनाऱ्यापर्यंत गेला. ते पाहायला युरोपातले शास्त्रज्ञ दुर्बिणी घेऊन हिंदुस्थानात आले होते. जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला बसला होता. ज्या प्रकाशरेषेवरून पुढे हेलियम या मूलद्रव्याचा शोध लागला, ती या ग्रहणात प्रथम लक्षात आली. एकाच शतकात, एकाच जिल्ह्यात दोन आकाशे नांदत होती असे म्हटले तरी चालेल : दुर्बिणवाल्या साहेबाचे एक आणि भिंतीवरच्या पंचांगाचे दुसरे. या दोहोंमध्ये पूल बांधण्याचे काम पुढे या मुरूडच्या मुलाच्या हातून व्हायचे होते.

पण तशी काही चिन्हे दिसत नव्हती. घरची रीत वेदपठणाची, संस्कृताची. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जाऊन दीक्षितांनी शिक्षकाचे शिक्षण घेतले, मॅट्रिकची परीक्षा दिली आणि नोकरीला लागले. त्यापुढे कॉलेज नाही, पदवी नाही. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुणे, अशी त्यांची सारी हयात शिक्षकाच्या बदल्यांत गेली. आज एखाद्याला खगोलशास्त्र शिकायचे तर बी.एस्सी., एम.एस्सी. अशी शिडी आहे. दीक्षितांना ती शिडी नव्हतीच. दिवसभर मुलांना अंकगणित, व्याकरण शिकवायचे आणि उरलेल्या वेळात आपली हौस भागवायची, एवढीच वाट त्यांना मोकळी होती.

त्या हौशीला वळण लागले ते १८८० च्या आगेमागे, ठाण्याच्या दिवसांत. तेव्हा महाराष्ट्रात पंचांगावरून मोठा वाद माजला होता. तो समजून घेतल्याशिवाय दीक्षित समजत नाहीत, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

त्या काळची आपली बहुतेक पंचांगे ग्रहलाघव या ग्रंथावरून होत. हा ग्रंथ कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० मध्ये रचला. ग्रंथ मोठा सुटसुटीत. त्यावरून खेड्यातला जोशीही ग्रहांची स्थाने काढू शके. पण साडेतीनशे वर्षांत त्याचे गणित आकाशापासून थोडे थोडे ढळत गेले होते. पंचांग एक वेळ सांगे आणि ग्रहण दुसऱ्याच वेळी लागे. हा दोष काढण्यासाठी केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ग्रहसाधनाची कोष्टके तयार केली आणि १८६५ पासून त्यांच्या सूक्ष्म गणिताचे पंचांग निघू लागले. तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले.

पण त्याहूनही मूळचा एक प्रश्न शिल्लक होता. भोवरा फिरताना जसा डुलतो, तसा पृथ्वीचा अक्ष अतिशय मंद गतीने डुलतो. एक फेरा पुरा व्हायला सुमारे सव्वीस हजार वर्षे लागतात. त्यामुळे वसंतसंपाताचा बिंदू, म्हणजे सूर्य विषुववृत्तावर येऊन दिवस आणि रात्र समान करतो ती जागा, ताऱ्यांमधून मागे मागे सरकते. बहात्तर वर्षांत साधारण एक अंश. याला अयनचलन म्हणतात. आता वर्ष मोजायचे कशावरून? ताऱ्यांवरून मोजले तर ते निरयन वर्ष आणि संपातावरून मोजले तर ते सायन वर्ष. दोहोंत फरक फक्त वीस मिनिटांचा. पण वीस-वीस मिनिटे साठत साठत सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस होतो आणि हजार-दीड हजार वर्षांत पंधरा-वीस दिवस होतात.

याचा अनुभव आपल्या घरात आहे, फक्त आपले लक्ष नसते. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा. ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. आमची आजी संक्रांतीपासून उत्तरायण सुरू होते म्हणून सांगते. पण सूर्य २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळलेला असतो. आमच्या गच्चीवरून सकाळी उगवता सूर्य पाहिला तर कोणालाही हे समजेल. डिसेंबरअखेर तो समोरच्या इमारतीच्या उजव्या टोकाशी थांबतो आणि संक्रांतीपर्यंत डावीकडे चालू लागलेला असतो.

सायनपक्षाचे म्हणणे असे की, पंचांग ऋतूंना धरून असले पाहिजे. नाहीतर काही हजार वर्षांनी चैत्र पावसाळ्यात येईल आणि वसंताचे सण चिखलात होतील. निरयनपक्षाचे म्हणणे असे की, नक्षत्रे म्हणजे डोळ्यांना दिसणारे तारे. पंचांगात अश्विनी लिहावी आणि चंद्र भलत्याच ताऱ्याजवळ दिसावा, हे कसे चालेल? दोन्ही बाजूंना आकाशाचाच आधार होता. वादात कोणी मूर्ख नव्हते. म्हणूनच तो इतका रंगला. ग्वाल्हेरचे विसाजी रघुनाथ लेले हे सायनपक्षाचे कडवे पुरस्कर्ते. ठाण्याशी ज्यांचा निकटचा संबंध होता ते जनार्दन बाळाजी मोडक हे दुसरे. मोडकांनी पुढे १८८५ मध्ये वेदांगज्योतिषाचे मराठी भाषांतर प्रसिद्ध केले. या दोघांच्या जोडीला तिसरे उभे राहिले ते दीक्षित. या मंडळींनी शके १८०६ पासून, म्हणजे १८८४ पासून सायन पंचांग काढायला सुरुवात केली.

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. एखाद्याने अशा वादात उडी घेतली म्हणजे तो बहुधा जन्मभर वादच घालीत बसतो. दीक्षितांना वादाने वेगळेच वेड लावले. आपले पूर्वज वर्ष कसे मोजत होते? वेदांच्या काळी काय रीत होती? आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य यांनी नेमके काय म्हटले आहे? दोन्ही पक्ष पूर्वजांची साक्ष काढीत होते. दीक्षितांनी ठरवले की, साक्षीदारालाच गाठायचे. मूळ ग्रंथ मिळवायचे, हस्तलिखिते पाहायची आणि त्यातले प्रत्येक गणित स्वतः करून पाहायचे. ऐकीव काही घ्यायचे नाही.

या सवयीचा उपयोग आधी झाला तो एका वेगळ्याच क्षेत्रात. गुप्त राजांच्या शिलालेखांत जी वर्षे दिली आहेत, ती कोणत्या सालापासून मोजायची, हे तेव्हा कोणालाच नक्की ठाऊक नव्हते. कोणी आरंभ इ. स. ७७-७८ धरी, कोणी १६६-६७, कोणी ३१८-१९. चंद्रगुप्त, समुद्रगुप्त, स्कंदगुप्त यांचा सारा काळ त्यामुळे अडीचशे वर्षे मागेपुढे हेलकावे खात होता. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी क्षणभर कल्पना करावी : एक अख्खे साम्राज्य हवेत तरंगते आहे आणि त्याला टेकायला जमीन नाही. मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी जॉन फेथफुल फ्लीट हे या लेखांचे संपादन करीत होते. त्यांना गणित करणारा माणूस हवा होता. तो त्यांना एका शाळामास्तरात सापडला.

एकच उदाहरण देतो. मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण नावाचे गाव आहे. तिथे बुधगुप्ताच्या कारकिर्दीतला एक स्तंभ उभा आहे. त्यावरच्या लेखात वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि वार गुरुवार अशी तिथी कोरलेली आहे. वार दिलेला असा लेख फार मोलाचा असतो. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातले बारा अंशांचे अंतर, तर वार म्हणजे न खंडता चाललेली सातांची मोजणी. एक आकाशावर चालते, दुसरी माणसाच्या मोजणीवर. एखादे साल मनाशी धरून त्या सालची आषाढ शुद्ध द्वादशी गणिताने काढायची आणि त्या दिवशी गुरुवार होता का ते पाहायचे. नसला तर ते साल चूक. गुप्त शकाचा आरंभ इ. स. ३१९-२० धरला तर ही तिथी २१ जून ४८४ रोजी येते आणि त्या दिवशी गुरुवारच होता. अर्थात सातांत एकदा वार योगायोगानेही जुळेल. म्हणून एकावर न थांबता एकामागून एक लेखांच्या तिथी तपासाव्या लागतात. दीक्षितांनी ते केले. आज गणकयंत्र हे काम क्षणात करते. त्या काळी एकेका तिथीसाठी कागदच्या कागद भरावे लागत. फ्लीट यांचा गुप्त लेखांचा संग्रह १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या कालनिर्णयात दीक्षितांच्या गणिताचा मोठा वाटा आहे. आपण इतिहासाच्या पेपरात गुप्तांच्या सनावळ्या बिनदिक्कत लिहितो, त्यांच्या खाली या मास्तरांचा घाम आहे हे मला तरी कोणी सांगितले नव्हते.

याच कामाचा विस्तार म्हणजे मद्रास इलाख्यातले निवृत्त सनदी अधिकारी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर त्यांनी इंग्रजीत तयार केलेला भारतीय कालगणनेचा ग्रंथ. तो १८९६ मध्ये लंडनला निघाला. इ. स. ३०० पासून १९०० पर्यंतच्या हिंदू आणि मुसलमानी तारखांचे इंग्रजी तारखांत रूपांतर करण्याची कोष्टके त्यात आहेत. पुढे कित्येक वर्षे पुराभिलेखांच्या अभ्यासकांना या कोष्टकांवाचून पान हलवता येत नसे.

आता ज्योतिर्विलास. दीक्षित धुळ्याच्या ट्रेनिंग स्कुलात असताना १८९२ मध्ये हे पुस्तक निघाले. त्याचे दुसरे नाव आहे रात्रीची दोन घटका मौज. नावातच सगळे आले. ज्याला संस्कृत येत नाही, इंग्रजी येत नाही, ज्याच्याजवळ दुर्बीण नाही, त्या साध्या माणसाने जेवणखाण झाल्यावर अंगणात यावे आणि दोन घटका वर पाहावे, यासाठी हे पुस्तक आहे. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. आपला एक तास म्हणा. त्यापूर्वी १८८२ मध्ये सृष्टचमत्कार हे असेच सोप्या मराठीतले पुस्तक त्यांनी लिहिले होते. लेखांतल्या तिथींचा काथ्याकूट करणारा माणूस मुलाचे बोट धरून त्याला नक्षत्रे दाखवायला बसतो, हे मला फार लोभस वाटते. आणि मराठी किती सरळ! शास्त्र मराठीत सांगता येत नाही असे आपण अजूनही ऐकतो. ते ऐकले की मला हे सव्वाशे वर्षांहून जुने पुस्तक आठवते.

त्यांच्या आयुष्याचे मुख्य काम मात्र याहून मोठे होते. पुण्याच्या दक्षिणा प्राइझ कमिटीने पंचांगाच्या इतिहासावर ग्रंथ मागवला होता, त्यानिमित्ताने त्यांनी लिहायला घेतले. पुढे बडोदे सरकारनेही त्यांच्या कामाला उत्तेजन दिले. वर्षानुवर्षे, शाळा सांभाळून, वाढवत आणि दुरुस्त करत नेलेला हा ग्रंथ १८९६ मध्ये पुण्यात आर्यभूषण छापखान्यात छापून निघाला : भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास. पाने पाचशेहून अधिक. वेदांपासून आरंभ करून थेट स्वतःच्या काळातल्या केरोपंतांपर्यंत आणि लेल्यांपर्यंत, कोणी काय लिहिले, कोणत्या शकात, त्याचे वर्षमान किती, ते आकाशाशी कितपत जुळते, हे सगळे त्यात आहे. दीक्षित स्वतः सायनवादी. पण निरयन ग्रंथकारांचे मोठेपण सांगताना त्यांनी हात आखडता घेतलेला नाही. आपल्या ज्योतिषाला हिणवणाऱ्या परदेशी पंडितांना त्यांनी उत्तर दिले आहे. पण ते अभिमानाच्या आरोळीने नव्हे, आकड्यांनी.

या ग्रंथातला एक भाग वाचून मी अक्षरशः उठून उभा राहिलो. शतपथ ब्राह्मणात कृत्तिकांविषयी असा उल्लेख आहे की इतर नक्षत्रे पूर्व दिशेपासून ढळतात, पण कृत्तिका ढळत नाहीत. हे वाक्य किती जणांनी पाठ म्हटले असेल! दीक्षितांनी त्याचा अर्थ डोळ्यांनी लावला. कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवत असतील तर त्या तेव्हा विषुववृत्तावर असल्या पाहिजेत. अयनचलनाने त्या तिथून सरकल्या आहेत. किती सरकल्या ते मोजले की काळ निघतो. त्यांच्या गणिताने तो इ. स. पूर्व ३००० च्या सुमारास आला. १८९५ मध्ये त्यांनी हे इंग्रजीतही मांडले. त्याच्या थोडे आधी, १८९३ मध्ये, लोकमान्य टिळकांचा मृगशीर्षावरचा ग्रंथ निघाला होता. दोघांची वाट जवळजवळ एकच होती. दीक्षितांचा हा निष्कर्ष सर्वांना मान्य आहे असे मात्र नाही. ते वाक्य ग्रंथाच्या काळचेच आहे कशावरून, जुनी आठवण पुढे चालत आली असेल, किंवा पूर्वेचा अर्थ इतका काटेकोर घ्यावा का, असे आक्षेप विद्वानांनी घेतले आहेत आणि ते विचार करण्यासारखे आहेत. पण माझ्या मनाला भिडली ती त्यांची रीत. पोथीतले वाक्य खरे की खोटे यावर भांडण्याऐवजी त्यांनी ते आकाशाजवळ नेऊन विचारले.

मग मलाही राहवेना. गेल्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या अमावास्येच्या आसपास, मी आणि एक मित्र कर्जत गाडीने वांगणीला गेलो. ठाणे-डोंबिवलीच्या दिव्यांतून सुटून आकाश पाहण्यासाठी आपल्या भागातली हौशी मंडळी वर्षानुवर्षे तिथे जातात. स्टेशनापासून लांब, शेताच्या बांधावर आम्ही उभे राहिलो. आधी ध्रुव शोधला. आपल्याकडून तो फार वर नसतो. क्षितिजापासून एकोणीस अंशांवर, म्हणजे हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली तर दोन मुठींच्या आतच. त्याच्याकडे डावा हात केला की नाकासमोर पूर्व. आठ वाजून गेले, साडेआठ झाले, नऊ वाजत आले. डोंगराच्या वर धुरकट असा तो लहानसा पुंजका दिसू लागला. कृत्तिका! त्या नाकासमोर नव्हत्या. डावीकडे, दोन मुठींहून थोड्या अधिक अंतरावर होत्या.

मित्र म्हणाला की एवढ्यासाठी आलो का? पण मला त्या दोन मुठींत पाच हजार वर्षे दिसत होती. कोणा एका माणसाने त्या समोर उगवताना पाहिल्या, ते मनात ठेवले, दुसऱ्याला सांगितले. मुरूडच्या एका मास्तराने ते वाचले आणि मान वर करून पाहिले. आणि आता गणितात कच्चा असलेला मी तेच पाहत होतो. त्यासाठी मला कोणाची परवानगी लागली नव्हती. परतीची गाडी चुकली आणि स्टेशनवर तासभर बसावे लागले, पण त्याचे काही वाटले नाही.

दीक्षितांना पुरे आयुष्य लाभले नाही. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर दोनच वर्षांनी, एप्रिल १८९८ मध्ये ते वारले. पंचेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. शेवटपर्यंत ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवत होते, म्हणजे जिथे विद्यार्थी म्हणून शिकले तिथेच.

त्यांचा सायन पक्ष त्यांच्या हयातीत जिंकला नाही. पुढे १९०४ मध्ये मुंबईला टिळकांच्या पुढाकाराने पंचांग परिषद भरली; टिळकांचा कल निरयनाकडेच होता. आपल्या घरातले पंचांग आजही निरयन आहे आणि संक्रांत जानेवारीतच आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणेसाठी समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे शके १८७९ च्या १ चैत्रापासून, भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे वर्ष सायन आहे, ऋतूंना बांधलेले आहे. समितीचे एक सभासद उज्जैनचे प्रा. आर. व्ही. वैद्य यांनीच पुढे दीक्षितांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले. त्याचा पहिला भाग १९६९ मध्ये आणि दुसरा १९८१ मध्ये सरकारने प्रसिद्ध केला. हिंदी भाषांतर त्याआधीच, १९५७ मध्ये, लखनौहून निघाले होते. मराठीत लिहिले म्हणून ते काम मागे पडले नाही. ज्यांना गरज होती ते त्याच्यापर्यंत आले.

मी हे लिहितो आहे ते मोठ्या माणसाची आरती म्हणून नव्हे. अंतराळाच्या बातम्या मी आजही तितक्याच आवडीने वाचतो. चांद्रयानाचे कात्रण वहीत आहेच. पण बातमी ही दुसऱ्याने पाहिलेल्या गोष्टीची असते, एवढे आता मला कळते. दीक्षितांजवळ ना पदवी होती, ना वेधशाळा. होती ती शाळेची नोकरी, बदलीच्या गावी भाड्याचे घर, आणि आपण स्वतः पाहिल्याशिवाय, स्वतः मोजल्याशिवाय मानायचे नाही ही खोड. त्या खोडीने एका साम्राज्याला त्याची जमीन मिळाली आणि एका शास्त्राला त्याचा इतिहास.

ठाण्यात त्यांच्या काळचे काय उरले आहे? तलाव आहेत, आगगाडी आहे आणि वर तेच आकाश आहे. दिव्यांनी ते फिके केले असले तरी चंद्र, शुक्र, गुरू आणि मृगाचे तीन तारे आपल्या गच्चीवरूनही दिसतात. परीक्षेचे दिवस आहेत हे मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, दोन घटका म्हणजे फक्त अठ्ठेचाळीस मिनिटे. एवढा वेळ तर आपण रोज उशिरा येणाऱ्या लोकलला देतो.